खुंटीवरचं जॅकेट

ता. ११, मंगळवार, दुपार

चि. छोट्या,

आशीर्वाद नंतर. आधी हे सांग, बाराच्या बारा जॅकेटं माळ्यावर फेकून तू तिकडे स्पर्धेला पंच म्हणून जाऊन बसलास, ते कुणाला विचारून? माणसांच्या कमरेला पतंग बांधून पाण्यावर पळवतोस, पाटीवर मोठ्या अक्षरांत काइटसर्फिंग लिहितोस, आणि तरंगायचं जॅकेट म्हणजे तुला अडगळ? फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, नीट लावून वाच.

आम्ही सगळे ठीक आहोत. चिमी आत्ता समोर बसून तिसऱ्यांदा जेवते आहे. खोकला राहिलाय, डॉक्टर म्हणाले दोन दिवसांत जाईल. तेव्हा वाचता वाचता उठू नकोस.

रविवारी सकाळी वारा चांगला होता. तुझ्या मागे शिकवणाऱ्या मास्तरनं सहा नवशिके उतरवले, त्यात तुझी भाची. अकराच्या सुमारास वारा फिरला आणि जमिनीकडून आत समुद्राकडे वाहायला लागला. मास्तरनं शिट्टी मारली. पाच जण आले, चिमी ओढली गेली. पुढे पतंग पाण्यात पडला, दोऱ्या पायात अडकायला लागल्या, तेव्हा तिनं तू शिकवलंस तसा पतंग सोडून दिला. पतंग गेला, पायाखालची फळी गेली, आणि पोर राहिली उघड्या पाण्यात. तुझ्या बोटीचं इंजिन सुटं करून ओट्यावर पडलेलं, हे तुला माहीतच आहे. खेकड्यांचे सापळे ओढणाऱ्या म्हाताऱ्याकडे मास्तर धावत गेला. होडी निघून पोर सापडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली.

त्या चाळीस मिनिटांबद्दल मी लिहिणार नव्हते.

पण सगळं तुझ्यावर ढकलून मोकळं व्हावं म्हटलं तर हात पुढे सरकत नाही. झालं ते असं. सकाळी मी शेडमध्ये मशीनवर लाल पतंगाचं भोक शिवत होते. चिमी आली ती जॅकेट चढवून. माळ्यावर चढून स्वतः काढलं होतं. बाहेरची पोरं हसली. मला ते लागलं. मी म्हटलं, "काढ ते. मामाच्या शाळेत मामाचीच भाची बाटलीच्या बुचासारखी तरंगणार? लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "आई, लोकांना पोहता येतं. मला किती येतं ते तुला माहितीये."

"मामा म्हणतो, त्यानं खोटा धीर येतो."

"मग मला खोटाच दे ना थोडा!"

मी ऐकलं नाही. माझं तुला ठाऊक आहे, एकदा बोलले की बोलले. तिनं मुकाट्यानं काढलं, खुंटीला अडकवलं, आणि मी पुन्हा मशीनकडे तोंड केलं.

म्हणजे किनाऱ्यावर उभी होते तेव्हा मला एकच ठाऊक होतं, की पोरीच्या अंगात जॅकेट नाही आणि ते मी काढायला लावलंय. तिचं डोकं दिसेना. कुणीतरी पाणी दिलं, ते मी त्याच्याच अंगावर सांडलं. मग काय सुचलं कोण जाणे, उठले आणि शेडकडे पळाले. या गुडघ्यांनी.

खुंटी रिकामी होती.

मी पाठमोरी असताना कार्टीनं ते परत घालून वरून तुझा ढगळ सदरा चढवला होता. जन्मभर माझं न ऐकणारी पोर, त्यासाठी तिला किती झोडपलं असेल मी! त्या रिकाम्या खुंटीखाली बसून मी मोठ्यानं हसले. मास्तरची बायको समजली, मला वेड लागलं. होडीतून तिला उतरवलं तेव्हा ओठ निळे होते, दात वाजत होते, आणि पहिलं बोलली काय? "आई, रागावू नकोस, मी काढलं नव्हतं." माझा जीव भांड्यात पडला. मी आधी एक धपाटा घातला, मग सोडलंच नाही तिला.

आता तुझं म्हणणं. ते अगदीच खोटं नाही, मी काल स्वतः बघून आले. घरच्या कपड्यांवर जॅकेट घातलं, पतंग अडकवायचा कमरेचा पट्टा बांधला आणि मास्तरबरोबर छातीभर पाण्यात उतरले. हसायचं तेवढं हसून घे. पट्टा वर सरकतो, जॅकेट हनुवटीला टेकतं, श्वास कोंडतो. खरं आहे. बुडी मारता येत नाही, तेही खरं. पण बुडी मारायची कुणी रे? तुझ्यासारख्यानं. पहिल्या आठवड्यातल्या माणसाला वर राहता आलं तरी पुष्कळ आहे. ज्याला येतं त्यानं घालावं न घालावं, मी त्यात पडत नाही.

म्हणून मी एक जॅकेट कापलं. खालचा चार बोटं फोम काढला, म्हणजे ते पट्ट्याच्या वरच संपतं, आणि काढलेला फोम पाठीत आणि खांद्यांपाशी भरला. वर चढू नये म्हणून पायांमधून एक पट्टी घेतली. मास्तरनं ते घालून तासभर पतंगामागे स्वतःला पाण्यात ओढून घेतलं. म्हणाला, "ताई, हे अडत नाही." आणि तो तर तुझाच चेला.

उरलेली अकरा माळ्यावरून काढून मशीनशेजारी ठेवलीत. कात्री लावायला तुझा होकार हवा, कारण शाळा तुझी आहे. पण नवशिक्यानं जॅकेटशिवाय पाण्यात पाय टाकायचा नाही, हे पाटीवर तुझ्या हातानं लिहिलेलं हवं. माझ्या शब्दाला इथे कोण विचारतं?

शनिवारी नवी तुकडी येते आहे, आठ जण. त्यांच्याही आया असतील. शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत तुझं हो किंवा नाही मला कळव. नाही म्हणालास तर शेडची किल्ली मास्तरच्या हातात ठेवते आणि तुझे पतंग शिवायला दुसरी बाई बघ.

आपल्याच पोरीला काढ म्हणालेली,
तुझी ताई