पांढरी टाकी, निळी टाकी

नाशिक रोड
फेब्रुवारी २००२

प्रिय मनोज,

तीनदा फोन केला. प्रत्येक वेळी तुझ्या ऑफिसातून "साहेब बाहेर आहेत" एवढंच उत्तर आलं, म्हणून लिहायला बसले. आई बरी आहे, गुडघ्यांची कुरकुर चालूच.

यंदा नववीला नागरिकशास्त्र शिकवताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. म्हटलं, महापालिकेची निवडणूक दारात आलीय, तीच शिकू. रोज एक बातमी घ्यायची. ती कुणी सांगितली, त्यानं स्वतः पाहिली का, आपल्याला जाऊन बघता येईल का, एवढं विचारायचं. मुलं अशी रंगली की मधल्या सुट्टीतही वाद घालायची. मला तू आठवायचास. अण्णा पेपर वाचून दाखवायचे आणि तू मध्येच म्हणायचास, "हे पेपरवाल्याला कसं कळलं?" आम्ही हसायचो, अण्णांना मात्र तुझं केवढं कौतुक!

गेल्या आठवड्यात केबलच्या बातम्यांत आमच्या भागातली पाण्याची टाकी दाखवली. 'आज टाकीत मेलेलं कुत्रं सापडलं, आणि यंदा पुन्हा उभ्या राहिलेल्या नगरसेविका चंद्रभागाबाईंना पत्ताच नाही,' अशी बातमी. बायकांनी भरलेले हंडे मोरीत ओतले. दुसऱ्या दिवशी वर्गात तृप्ती उभी राहिली. एरवी तोंडातून शब्द न काढणारी मुलगी. म्हणाली, "बाई, आपली टाकी दिवाळीत निळी रंगवलीये. टीव्हीवर पांढरी कशी?" मी सगळ्यांना घेऊन टाकीवर गेले. तिथल्या माणसानं सांगितलं की कुत्रं सापडलं होतं खरं, पण ते गेल्या उन्हाळ्यात. तेव्हाच टाकी धुऊन झाली होती. तृप्तीनं शाळेच्या फलकावर लिहिलं, 'बातमीतली टाकी पांढरी. आपली टाकी निळी. चित्र जुनं आहे.' कुणाला मत द्या, याबद्दल एक अक्षर नाही.

दुपारी चंद्रभागाबाईंच्या विरोधातल्या उमेदवाराची दोन माणसं शाळेत आली. कुणी लिहिलं, म्हणून विचारत होती. मुख्याध्यापकांनी घाईघाईनं फलक पुसायला लावला. मी नाव सांगितलं नाही, पण कुणीतरी सांगितलंच. तृप्तीचे वडील लहानूभाऊ चेहेडीला झेंडू-शेवंती लावतात. दुसऱ्या दिवशी पहाटे ते फुलं घेऊन बाजारात गेले, तर त्यांच्या बसायच्या जागेवर टेम्पो आडवा लावलेला. "आधी पोरीला आवर, मग बस," असं त्यांना ऐकवलं. तेव्हापासून तृप्ती शाळेत येईना. मी घरी गेले. मला वाटलं होतं रागावतील. पण ते म्हणाले, "बाई, तुम्ही चांगलंच शिकवलं. पन फुलं घरात पडून काळी पडली. आता ऱ्हाऊ द्या तिला घरीच." परत येताना मागून मोटरसायकलचा आवाज आला की मी कडेला थांबून वळून बघायचे. अजूनही बघते.

आणि काल तृप्ती वर्गात येऊन बसली, वडिलांना न सांगता. हजेरी होताच तिनं विचारलं, "बाई, आम्हाला सगळे विचारायला आले. ज्यांनी खोटं दाखवलं, त्यांना कुणी विचारायला गेलं का?" अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, मी विचारते.

म्हणून हे पत्र. मनोज, ती बातमी तुझ्या चॅनलवर लागली होती. कॅसेट जुनी आहे हे तुला ठाऊक नसेल, असं मी रोज स्वतःला समजावते आणि रोज ते थोडं कमी पटतं. रविवारी मतदान आहे. त्याआधी टाकी आज कशी आहे ते दाखव, आणि चुकलं म्हणून सांग. ते जमणार नसेल तर शनिवारी सकाळी वर्गात ये आणि का जमणार नाही ते मुलांना तूच सांग. त्या चॅनलचा मालक माझा सख्खा भाऊ आहे, हे त्यांना अजून माहीत नाही. तू आलास किंवा नाही आलास, तरी शनिवारी मी ते सांगणार आहे.

वाट बघणारी, काही झालं तरी तुझीच,
प्रतिभाताई