पेल्यांची उतरंड

माय,

पुढच्या शनिवारी परभणीला माझा कार्यक्रम आहे आणि दादा गावाहून जीप भरून माणसं आणणार आहे. कोण कोण येणार ते त्यानं फोनवर एकेक करून सांगितलं. त्यातल्या निम्म्यांना बाजा म्हटलं की वरातीतला बँड एवढंच ठाऊक, आणि मी त्यांना दीड तास जॅझ ऐकवणार आहे. त्याची मला काळजी नाही. कंटाळतील, चहाला बाहेर पडतील आणि गावी जाऊन लय भारी झालं म्हणून सांगतील. माझी काळजी वेगळी आहे. नऊ वादकांसाठी मी जी रचना बांधली आहे ती भूकंपावर आहे असं पत्रिकेत छापलंय, आणि ती सुरू होण्याआधी दादानं स्टेजवर येऊन दोन शब्द बोलावेत असं आयोजकांनी ठरवलंय. तो काय बोलणार ते मला पाठ आहे. मोठ्या भूकंपानंतर पंधरा दिवसांच्या आत आपल्या गावाला दुसरा धक्का बसला, त्यात आमची माय पडली, तिचा खुबा मोडला आणि पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तीस वर्षं तो हेच सांगत आला आहे. शनिवारी मी त्याच्या शेजारी उभा असेन, आणि तिथं फक्त मला माहीत असेल की त्या दिवशी जमीन हालली नव्हती. पेले वाजले ते माझ्या बाज्यानं.

तुला ते दिवस आठवत असतील असं मी धरून चालतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव थकून झोपलेलं आणि पहाटे निजायच्या बाजा हालल्या, गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. आपल्याकडं तेवढंच. मग रेडिओवर लातूरकडच्या गावांची बातमी आली आणि माळवदाखाली माणसं कशी दबून गेली ते जो तो सांगू लागला. आपलंही घर माळवदाचंच, डोक्यावर हात-दीड हात माती. सगळं गाव अंगणात आणि खळ्यात राहायला आलं. घर म्हणजे नुसती चूल पेटवायची जागा उरली, तीही अशी की चोरासारखं आत जायचं, भाकरी टोपल्यात टाकायच्या आणि बाहेर पडायचं. कुणीतरी शोध लावला की भांडी एकावर एक रचून ठेवली तर जमीन हालताना ती आधी वाजतात. तू लगेच मांडणीवर सात पेल्यांची उतरंड लावलीस, एक उपडा, एक सुलटा, मुद्दाम कलती. वहिनी म्हणाली की ही तर उंदीर पळाला तरी वाजंल. तू म्हणालीस, तशीच वाजली पायजे. पुढच्या आठवड्यात मांजरीनं आपल्याला दोनदा अंगणात पळवलं आणि दोन्ही वेळा तूच सगळ्यांच्या पुढं होतीस.

आणि मी, बी.ए. होऊन बसलेला तेवीस वर्षांचा घोडा. टायपिंगच्या क्लासला म्हणून पूर्णेला जायचो आणि रुळांपलीकडं मास्तरांच्या घरी युफोनियम शिकायचो. मांडीवर घेऊन वाजवायचा तो मोठा पितळी बाजा, तू त्याला भोंगा म्हणायचीस. मास्तर लग्नसराईत बँड चालवायचे, पण तरुणपणी सिकंदराबादला साहेबलोकांच्या क्लबात वाजवलेला माणूस. चहा पिता पिता ओठांनीच जॅझच्या ताना काढून दाखवायचे. भूकंपानं आणि पितरपाटानं बँडच्या सुपाऱ्या बंद होत्या, म्हणून त्यांनी मला बाजा घरी नेऊ दिला आणि खालचा सूर साधायला सांगितलं. तो माझ्याकडून लागतच नव्हता, नुसती हवा जायची. मास्तर म्हणायचे, "सूर लागला की आपुन सोडायचा न्हाई. दम संपला की त्यो आपला आपण जातो."

बाजा घरात आलेला बघून तू भाकरी थापता थापता जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. "वाजवायचं काम आपलं हाय का रे? आपण वाजवून घेणारी माणसं." आवाज चढवला नाहीस, हातही थांबवला नाहीस. पण मास्तरांची जात, आपली जात, गावात कोण कुणाच्या ओट्यावर बसू शकतो, सगळं त्या दोन वाक्यांत आलं. ते दिवस नामांतराचे. विद्यापीठाच्या नावावरून पंधरा वर्षं धुमसत होतं, दादा पारावर बसून काय बोलायचा ते तुला माहीत आहे. मी बाजा मधल्या खोलीत नेऊन ठेवला. आधी घरात वाजवायची सोयच नव्हती, आता भूकंपाच्या भीतीनं घर दिवसभर मोकळं. लोकांवर आभाळ कोसळलेलं आणि मला रियाजाला जागा मिळाली म्हणून बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

त्या दिवशी लातूरकडं मदतीचा टेंपो जाणार होता. घरटी वीस भाकरी द्यायच्या ठरल्या होत्या आणि तू चाळीस करायला बसलीस. वहिनी विहिरीवर, दादा टेंपोच्या मागं. मी मधल्या खोलीत भोंगा मांडीवर घेऊन बसलोय. भिंतीपलीकडं तुझा थाप-थाप आवाज येतोय, परातीवर बांगड्या वाजतायत. एकदा तू ओरडलीस, "कशाला भोंगा फुकायलास, मला भाकरीची मोजदाद लागंना." मी हसलो. मग खालचा सूर धरायला पुन्हा एकदा फुंकलं आणि तो लागला. आपली मांडणी त्याच भिंतीला ठोकलेली. पेले खणखणले, मग धडाधड खाली आले. तू भुई हालली म्हणत उठलीस. मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा तू उंबऱ्यात आडवी पडली होतीस, हाताला पीठ, आणि तव्यावरची भाकरी जळत होती.

मग गाव जमलं. मी तोंड उघडायच्या आधीच तू सांगून टाकलंस की भुई हालली, आणि सगळ्या गावाला ती हाललेली आठवायला लागली. शेजारच्या आज्याची बाज हातभर सरकली होती. गिरणीवाल्याचा पट्टा उतरला होता. शाळेत फळा झोके घेत होता म्हणे. एका बाईच्या कोंबड्या तर धक्क्याच्या आधी पाव तास ओरडत होत्या. संध्याकाळी तलाठी आला आणि त्यानं वहीत धक्का नोंदवून घेतला. एवढ्या जणांनी अनुभवलेला भूकंप मी एकट्यानं कसा मागं घ्यायचा? खरं सांगितलं तर दादा तडक पूर्णेला मास्तरांच्या दारात जाईल, आधीच वातावरण तापलेलं, भलतंच काहीतरी होऊन बसेल, असं मी मनाला सांगितलं. तीस वर्षं सांगत आलो. मास्तरांसाठी गप्प राहिलो हे ऐकायला बरं वाटतं.

तू परभणीच्या दवाखान्यातून परत आलीस ती पाठीवरच; तोवर वहिनीनं उतरंड पुन्हा रचून ठेवली होती. दिवाळी झाली, संक्रांत झाली. त्याच संक्रांतीला नामांतर झालं आणि पूर्णेत मास्तरांच्या बँडनं मिरवणूक वाजवली. मी गेलो नाही. बाजा त्याआधीच एका सकाळी त्यांना देऊन आलो होतो. त्यांनी कारण विचारलं, मी म्हटलं, माय पडून आहे. त्यांनी बाजा फडक्यानं पुसून घेतला. मी पुन्हा बाजा धरला तो तू गेल्यावर, गाव सोडल्यावर.

पण बाजा परत देण्याच्या आधीचे दोन प्रसंग आहेत आणि त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसलो आहे. एकदा वहिनीनं तुला सहज विचारलं होतं की त्या टायमाला भावजी बाजा वाजवत व्हते का. मी दाराशी होतो. तू म्हणालीस, "न्हाई. बाजा तर बंदच व्हता." मला वाटलं, घाबरण्यात तुझ्या ध्यानात राहिलं नसेल. तसं वाटून घेणं सोपं होतं. दुसरा प्रसंग त्यानंतर चार-दोन दिवसांनी. मी तुला पाणी पाजत होतो. तू मला म्हणालीस, "आता वाजीव. उतरंड काढून ठिवायला लावलीय मी." मला वाटलं, पाय मोडल्यावर आता पळता येत नाही, म्हणून उतरंड काढली असशील. मी पेला उचलून मोरीत ठेवला.

जॅझ म्हणजे काय हे तुला सांगायचं राहूनच गेलं. आपल्या भजनात एकजण चाल धरतो ना, तसंच. फक्त यात प्रत्येकाची पाळी येते. पाळी आली की त्यानं त्या वेळी सुचेल ते बोलायचं, आणि तो बहकला तरी बाकीच्यांनी त्याला धरून ठेवायचं. माझ्या रचनेत सुरुवातीला ड्रमवर तारांच्या कुंच्यांनी हलका थाप-थाप ताल आहे, चाळीस भाकरींचा. मग माझ्या बाज्याचा खालचा सूर, आणि एका लाकडी फळीवर रचलेले सात स्टीलचे पेले वाजून खाली येतात. मग एकेकाची पाळी. ट्रम्पेट म्हणतो माझी बाज सरकली, सॅक्सोफोन म्हणतो माझा पट्टा उतरला, दुसरा ट्रम्पेट कोंबड्यांसारखा ओरडतो. लोक तिथं हसतात आणि मला आवडतं. सगळ्यांच्या मागं तो थाप-थाप ताल नसतो. तो बंद पडलेला असतो, आणि हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

मागच्या आठवड्यात तालमीत ड्रम वाजवणारी मुलगी थांबली. तेवीस-चोवीस वर्षांची आहे, तोंडाची फटकळ. पत्रिकेत भूकंप लिहिलंय म्हणून ती भूकंप शोधत होती. म्हणाली, "सर, यात जमीन हालल्यासारखं वाटतच नाही. बाजा आधी येतो, पेले मागून वाजतात. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की कुणी वाजवले." मी म्हटलं, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं. तिचं बरोबर होतं. बहिऱ्यालाही कळलं असतं.

म्हणजे तुला माहीत होतं, माय. त्या क्षणी घाबरून पळालीस ते खरं, पण उंबऱ्यात पडल्या पडल्या तुला कळलं असणार. भिंतीपलीकडं भोंगा घुमत होता आणि तू कानानं कधीच अधू नव्हतीस. तरी गाव जमायच्या आत तू भूकंप करून टाकलास. वहिनीला बाजा बंद होता म्हणालीस. उतरंड काढायला लावलीस आणि मला वाजव म्हणालीस. वाजवणं आपलं काम न्हाई म्हणणारी तू. हे कळल्यापासून मला झोप नाही, आणि खोटं कशाला बोलू, तुझा रागही येतो. मला कबूल करायला जागाच ठेवली नाहीस. सात महिने तुझ्या उशाशी बसलो, एकदा नुसतं म्हणायचंस की तूच रं तो. मी पाय धरले असते, रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तुझ्यामुळं मी वाचलो आणि तुझ्यामुळंच अडकून पडलो. तुझ्याबद्दल असं लिहायला मला लाज वाटायला हवी, वाटत नाही.

दादाला मी शुक्रवारी सांगणार आहे. परभणीला पोचलो की आधी गावी जाईन, तो गोठ्यात असेल तिथंच उभ्यानं सांगेन. तो शिव्या देईल, कदाचित जीप रद्द करेल, कदाचित म्हणेल की अरे, पण माझी तर स्वतःची बाज हालली होती. चालेल. भोंग्यानं पेले पडले, माय पळाली, एवढं सांगता येईल असं आता वाटतंय. ते तर तुला आधीच ठाऊक होतं. हे पत्र कुठं टाकायचा प्रश्न नाही, बाज्याच्या पेटीत मखमलीखाली ठेवून देईन.

एवढंच की त्या मुलीनं तालीम संपताना आणखी एक विचारलं. खालचा सूर धरून राहायची खूण मी केली आहे, पण किती मात्रा ते लिहिलेलं नाही. तिनं विचारलं, किती वेळ धरणार? मी म्हटलं, दम संपेपर्यंत. तिनं तसं लिहून घेतलं. तो सूर तोवर एकदाही माझ्याकडून लागला नव्हता, माय, आणि त्या दिवशी पहिल्यांदा लागला. पेले पडल्याचं मला ऐकू आलं. तू ओरडल्याचं ऐकू आलं, पडल्याचंही आलं. माझ्यात अजून दम होता, आणि तो संपेपर्यंत मी सूर सोडला नाही.