एर्मिनियाची हलकी बॅग

२ जुलै

बॅग हलकी आहे! मी स्वतः उचलली. कुठंतरी पाणी मुरतंय.

सगळी नोकरी विमानतळावर लोकांचं सामान चढवण्या-उतरवण्यात गेली. बॅग हातात घेतली की माणूस कळतो मला. मायदेशातल्या इलोइलोहून येणारा माणूस आणि हलकी बॅग? शक्यच नाही. सुकी मासळी, सुके आंबे, कुणाच्या तरी आईनं कुणाच्या तरी मुलीसाठी दिलेली बिस्किटं, चेन तुटेपर्यंत कोंबून आणतात. आणि ही एर्मिनिया, रेमीची धाकटी बहीण, माझी मेहुणी, जन्मात पहिल्यांदा अमेरिकेत येतेय, आणि बॅग अशी की करंगळीनं उचलावी!

"राहू द्या भाऊजी, मी घेते." घेते म्हणे. का? आत काय आहे? छे, आत काय नाही, हाच खरा प्रश्न.

अंगात बिनबाह्यांचा फुलाफुलांचा झगा, पायात चपला. गाडीतून उतरली आणि दात वाजायला लागले. "अगं बाई! हा जुलैच ना, भाऊजी?" जुलैच. डेली सिटीतला जुलै. धुक्यात समोरच्या घराचं छप्पर दिसत नव्हतं. फोनवर बजावलं होतं, जाड स्वेटर आण. ऐकलं नाही. उन्हाळ्यात येणारं कुणीच ऐकत नाही. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

माझं जुनं कामावरचं जाकीट दिलं, चमकत्या पिवळ्या पट्ट्यांचं. रेमीचे स्वेटर कपाटात आहेत. ते नाही दिले. का म्हणून द्यायचे?

३ जुलै

सकाळी उठून बघतो तर बाई देव्हाऱ्यासमोर. मेणबत्ती लावलेली, आणि रेमीच्या राखेच्या कलशाशी बोलत होती. हो, कलशाशी! हळू आवाजात, त्यांच्या गावच्या बोलीत. मी आत गेलो तशी गप्प.

मला कळत नाही असं वाटतं काय? रेमी गेली तेव्हा इलोइलोहून फोनावर फोन. ताईला घरी पाठवा, आईच्या शेजारी जागा आहे. मी सरळ नाही म्हटलं. इथले फादर म्हणतात, अन्सेल्मो, राख घरात ठेवू नये, कोल्माच्या कब्रस्तानात दफन कर. त्यांनाही नाही म्हटलं. कोल्माची माती बारा महिने ओली. रेमी माझ्या घरात आहे, माझ्यासमोर आहे. आमचा संसार आहे हा, अजून.

आणि आता ही. "कॅलिफोर्निया बघायला येतेय." इतकी वर्षं नाही आली. ताई जिवंत होती तेव्हा नाही आली. आत्ताच बरी आठवण झाली!

४ जुलै

आतषबाजी. म्हणजे आवाज. धुक्यात कुठंतरी धडाम व्हायचं आणि आभाळ जरासं गुलाबी व्हायचं, मग हिरवं. एर्मिनिया माझ्या पिवळ्या पट्ट्यांत अंगणात उभी राहून प्रत्येक आवाजाला टाळ्या वाजवत होती. शेजारचा क्रिस्पुलो कुंपणावरून म्हणाला, "ताई, हे धुकं कुठून येतं ठाऊक आहे का? आपली माणसं संध्याकाळी सगळ्या घरांत एकदम भाताचे कुकर लावतात ना!" हा विनोद मी हजारदा ऐकलाय. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

क्रिस्पुलो मला बाजूला घेऊन म्हणतो, "बाई मोकळी आहे रे." मोकळी! बॅगही मोकळीच आहे, म्हटलं.

६ जुलै

जेवताना सहज विचारल्यासारखं, "भाऊजी, ताईचा कलश कशाचा हो? लाकडाचा की दगडाचा?"

मी भात चिवडत राहिलो. हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही! लाकूड असलं की विमानतळावरच्या यंत्रातून आतलं दिसतं, सोडतात. दगड असला की अडवतात. मला शिकवते काय?

"दगडाचा," म्हटलं.

"लाकडाचा वाटतो."

"दगडाचा आहे."

लाकडाचाच आहे.

८ जुलै

फोटोत दिसतो तो प्रसिद्ध लाल पूल बघायचा म्हणाली. नेलं. पूल नव्हता. म्हणजे असणार, पण दिसेना. अर्ध्या चड्ड्यांतली माणसं गारठून उभी, पोरं रडतायत, दुकानात जाडे कोट घ्यायला रांग. दरवर्षीचा तमाशा. दोन पावलं पुढं जाऊन एर्मिनियानं लोखंडाला हात लावला. म्हणाली, "तुम्ही पूल म्हणताय ना भाऊजी, मग असेल. माझा विश्वास आहे." मला हसू आलं. लगेच आवरलं. अशीच माणसं आधी हसवतात.

एक मात्र आहे. बाई तक्रार करत नाही. नाक वाहतंय, ओठ फुटलेत, पण चकार शब्द नाही. पाहुणे इथं आले की पहिल्या दिवसापासून कुरकुर सुरू करतात. ही का करत नाही? ज्याला काही हवं असतं तोच गोड वागतो.

९ जुलै

दोन टॉवेल मागितले. जाडे हवेत म्हणे. आधीच एक दिलाय.

११ जुलै

आज भिंतीवरच्या फोटोंसमोर उभी राहिली ती हलेचना. "भाऊजी, हे गुलाब कुठले? ही बाग कुठं आहे? हे ऊन कुठं आहे?"

सगळ्या फोटोंत ऊन. रेमी डोळे बारीक करून हसतेय. इलोइलोच्या घरी हेच फोटो गेले, वर्षानुवर्षं.

"ताई दर रविवारी फोन करायची. आई विचारायची, हवा कशी आहे गं? ही म्हणायची, काय ऊन पडलंय आई, घाम फुटलाय नुसता! आम्ही सगळे हेवा करायचो. मी मुलांना सांगायचे, तुमची मावशी उन्हात राहते." मग माझ्याकडे वळून, "इथं कधीच नसतं का हो?"

सांगून टाकलं. डोंगराच्या पलीकडे सॅन मटेओची बाग आहे. गाडीनं थोडाच वेळ लागतो, पण हवा वेगळी. नाताळासारखं नटून आम्ही फोटो काढायला तिकडे जायचो आणि फोटो झाले की घरी. रेमीचा हट्ट. आईला काळजी नको.

ती पुन्हा फोटोंकडे वळली. माझ्याच तोंडून निघालं, रेमी झोपताना दोन-दोन मोजे घालायची. गुडघे धरून बसायची. मी कधी तिकडे घर घेतलं नाही, कामाला इथून जवळ पडायचं. कशाला बोललो हे? आता तिच्या हातात कोलीतच दिलं.

१२ जुलै

लिगायाचा फोन. एकुलती एक लेक, पण बाजू मावशीची. "बाबा, तुम्ही मावशीवर पाळत ठेवताय?"

"घर माझं, डोळे माझे."

"आणि समजा, तिनं आईला मागितलंच तर?"

फोन ठेवला.

१३ जुलै

तिच्या खोलीचं दार उघडं होतं. बॅगही उघडी होती. मी उघडली नाही. वाकून बघितलं फक्त. टॉवेल गोल गोल रचलेत आणि मधे खळगा. बरोबर कलशाएवढा! मी उभा होतो तसाच पलंगावर बसलो. अकरा दिवस म्हणत होतो खरा, पण आतून वाटत होतं, आपणच म्हातारपणी वेड्यासारखं करतोय. नाही. खरंच होतं.

ती आंघोळीहून यायच्या आत रेमीला उचललं आणि तांदळाच्या पिंपात ठेवलं. वर झाकण.

"भाऊजी! ताई कुठं गेली?"

"धूळ झटकायला काढलीय."

"तांदळाच्या पिंपात?" भात करायला गेली होती ना ती! कलश काढून पदरानं पुसावा तसा झग्यानं पुसला, देव्हाऱ्यात ठेवला, आणि तांदूळ धुवायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१५ जुलै

नाही! कलश नाही. बॅग नाही. बाई नाही.

१५ जुलै, संध्याकाळी

सगळं लिहून काढतो.

दुकानातून अंडी घेऊन आलो तर घर रिकामं. तसाच गाडी काढून विमानतळावर. जुन्या ओळखीचे दोघे भेटले. अरे अन्सेल्मो, कुठं निघालास? मी काय सांगणार? बायको चोरीला गेली म्हणू? प्रत्येक रांगेत जाऊन बघितलं. फुलाफुलांचे झगे घातलेल्या बायकांच्या पाठीमागं जाऊन तोंडं बघितली. एक ओरडलीसुद्धा. शेवटी एका बाकावर बसलो आणि रडलो. भर गर्दीत, ओक्साबोक्शी. रेमी गेली त्या दिवशी सगळं उरकायचं होतं म्हणून रडलो नव्हतो.

मग क्रिस्पुलोचा फोन. "अरे कुठं आहेस? तुझी मेहुणी कधीपासून दारात उभी आहे, किल्ली नाही तिच्याकडे. आत ये म्हटलं तर येत नाही, भाऊजींनाच येऊ दे म्हणते."

आलो. पायरीवर बॅग. मांडीवर कलश. आणि बाईचं नाक लालबुंद! कातडी निघायला आलेली. डेली सिटीत, जुलैत!

"ताईला जरा ऊन दाखवून आणलं," म्हणाली.

१६ जुलै

सकाळी तिनं आपणहून सांगितलं. कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून.

"खोटं नाही बोलणार भाऊजी. न्यायलाच आले होते. पहिल्या दिवसापासून. मागितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं."

"नसतंच दिलं."

"म्हणून काल निघाले. विमानतळाची बस धरली. डोंगर ओलांडला आणि एकदम ऊन! मी ओळखलं ते. फोटोतलं. तशीच उतरले. विचारत विचारत बागेत गेले, गुलाबांसमोर बसले, ताईला शेजारी ठेवलं. झाकण नाही काढलं हो! नुसती बसले. खूप वेळ."

मी तिच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"मग वाटलं, ताईला खरंच नकोसं झालं असतं, तर एखाद्या रविवारी तरी बोलली असती. आईला नाही तर मला. एवढी वर्षं कुणी खोटं ऊन सांगत नाही भाऊजी, घरात जीव असल्याशिवाय. तिला इथं राहायचं होतं. तुमच्याजवळ. मग मी कोण नेणारी?"

माझ्या डोळ्यांना पुन्हा तेच. म्हातारा झालो. उठलो, कपाट उघडलं आणि रेमीचा निळा स्वेटर आणून तिच्या पुढ्यात टाकला. "घाल. ते जाकीट घालून चर्चमध्ये येतेस, लोक हसतात मला."

१८ जुलै

धुकं. चुकून दोन कप कॉफी टाकली, माझा आणि रेमीचा, जुनी सवय. एर्मिनियाला वाटलं दुसरा तिचा. तिचाच झाला मग.

१९ जुलै

दिवसभर मनाला एकच लागलंय. तिनं सोडून दिलं. मी काय धरून बसलोय? रेमीला की माझ्याच सोबतीला? बाईवर राग धरायला गेलो तर येतच नाही आता. फार पंचाईत.

फादरना फोन केला. आता दफन करायचं म्हटलं. ते म्हणाले, "शेवटी कोल्मा का?" नाही म्हटलं.

२० जुलै

एर्मिनिया परवा जाणार. टॉवेल धुऊन, घड्या घालून परत दिले. बॅग उचलून बघितली. हलकीच.

लिगायाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. मग ती रडली आणि मी तिला ओरडलो, रडायचं काय त्यात.

२६ जुलै, इलोइलो

पाऊस. आल्यापासून ऊन असं पाहिलंच नाही! एर्मिनिया ओशाळलीय, जसं काही आभाळ तिनंच आणलंय. लिगायाला कळवलं, पोचलो सगळे. आज सकाळी रेमीला तिच्या आईशेजारी ठेवलं. मी वर छत्री धरून उभा होतो. मग मिटली. पाऊस कोमट आहे.