एका रोगट रोपाच्या विल्हेवाटीबाबत

प्रिय मेहुणे यांस,

माझा नमस्कार. तो स्वीकारायचा की तसाच परत पाठवायचा हे तुम्ही ठरवा, मी आपला पाठवून मोकळा झालो. तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो. सकाळी उठताना अजून धरत असतील तर गरम पाण्याने शेका, आणि पाणी आधी उकळून घ्या. (शेकायचं पाणी कोणी उकळत नाही, असं तुमची ताई म्हणते. पण नगरपालिकेत आरोग्य निरीक्षक म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला पाणी म्हटलं की उकळलेलंच दिसतं.) इकडे माझी प्रकृती ठणठणीत आहे. ताईचीही बरी आहे, फक्त गेले काही दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलते. आपला पत्रव्यवहार बंद पडून बराच काळ लोटला. तो कोणी बंद केला या वादात मी आज शिरत नाही. (तुम्ही केलात.)

पत्र लिहिण्याचं तसं काही विशेष कारण नाही. तुमच्या अंगणातलं ते पपईचं झाड तुम्ही एव्हाना तोडलं असेल असं धरून चालतो. विषाणूने तुमची सगळी बाग खाल्ली आणि ते एकच झाड मागे राहिलं, तेव्हा मी जे बोललो ते आरोग्याच्या दृष्टीने अचूक होतं. एक रोगी झाड मागे ठेवणं म्हणजे साथीला राहायला खोली देणं. वहिनींना जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता आणि ते झाड त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेलं होतं, हे मुद्दे वेगळे आहेत. ते मी तेव्हा विचारात घेतले नव्हते, कारण तपासणीच्या वेळी असले मुद्दे विचारात घ्यायचे नसतात.

असो. सांगायचं ते वेगळंच आहे. तुमची भाची, म्हणजे आमची लेक, ज्या संशोधन केंद्रात काम करते तिथलं काचघर पाहायला तिने आम्हा दोघांना बोलावलं होतं. निघताना ताईने मला दारातच थांबवून बजावलं, "तिथे कशालाही हात लावायचा नाही. कशालाही." मी दुखावलो. तिथे पोचल्यावर मात्र मन प्रसन्न झालं. आत शिरण्यापूर्वी अंगात पांढरा कोट, बुटांवर पिशव्या, कोपरापर्यंत साबणाने हात. एक दार पूर्ण लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही. गटारावर जाळी, आणि जाळीवर कचरा नाही! मेहुणे, खरं सांगतो, निवृत्त झाल्यापासून इतकं बरं मला कुठेही वाटलं नव्हतं. आपल्या मुलीला आपलं काहीतरी लागलं आहे असं वाटून माझा ऊर भरून आला. (तिचं गणित आणि नाक माझ्यासारखं आहेच. हट्टीपणा तुमच्या घराण्यातून आला.)

तिचं काम मला समजलं ते असं. विषाणूला स्वतःचं घरदार नसतं. तो झाडाच्या पेशीत शिरतो आणि झाडाच्याच एका प्रथिनाचा आधार घेऊन तिथे आपली पिलावळ वाढवतो. भाची जनुकसंपादन करते, म्हणजे त्या प्रथिनाचा आराखडा ज्या जनुकात असतो, नेमक्या त्याच जागी बारीकसा बदल करते. बाहेरचं काही आणून बसवायचं नाही. दाराची कडी जराशी वाकवून ठेवल्यासारखं, की घरच्यांना दार उघडतं आणि चोराला मात्र हात घालता येत नाही. आम्ही जन्मभर चोराच्या मागे फिनेल घेऊन धावलो, ही पोरगी शांतपणे कडी वाकवत बसली आहे. मला कौतुक वाटलं, आणि थोडं अपमानास्पदही वाटलं.

मग तिला कोणीतरी हाक मारली म्हणून ती बाहेर गेली. ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकली आणि तिला डुलकी लागली. मी हात पाठीमागे बांधून पाहणी करत होतो. ओळीने पपईची टवटवीत रोपं, आणि पलीकडे, जाळीच्या वेगळ्या खोलीत, सगळ्यांत चांगल्या उजेडात, एकच रोप. पानं आखडलेली, पिवळ्या डागांची, देठांवर तेलकट रेघा. कुंडीला लाल पट्टी. हा रोग मी तुमच्या बागेत इतका पाहिला आहे की तो मला झोपेतही ओळखता येईल. एवढ्या स्वच्छ जागेत, माझ्या मुलीच्या हाताखाली, उघड उघड साथ! साहेबांच्या नजरेला पडलं तर पोरीच्या नोकरीचं काय, हा विचार आला आणि माझे हात आपोआप सुटले.

काम मी नियमानुसार केलं, हे नोंदवून ठेवतो. हातमोजे घातले. रोप मातीसकट उपटलं, एका पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. बाजूच्या खोलीत वाफेने निर्जंतुक करायची टाकी होती, तशीच आमच्या नगरपालिकेच्या दवाखान्यातही होती. झाकण लावलं, दाब बघितला, पूर्ण वेळ दिला. कुंडी ब्लीचने धुऊन पालथी घातली. जाळीचं दार नीट लावून घेतलं. नोकरीत मला लोक पाठीमागे फिनेलसाहेब म्हणायचे हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी त्या नावाचं मी सोनं केलं असं मला वाटलं.

भाची परत आली. तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग पालथ्या कुंडीकडे, मग माझ्याकडे. ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती एका रिकाम्या क्रेटवर बसली आणि म्हणाली, "बाबा, तो आजार मी सांभाळत होते." तेवढ्यात तिच्या मॅडम आल्या. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारल्यावर मी एक पाऊल पुढे झालो. त्यांनी टाकीत डोकावून पाहिलं, कुंडीचा वास घेतला आणि म्हणाल्या, "काम मात्र अगदी चोख केलंत." मी आभार मानले. ते आभार मानायचं वाक्य नव्हतं, हे ताईने मला घरी आल्यावर सांगितलं.

विषाणू बाटलीत भरून ठेवता येत नाही म्हणे, तो जिवंत झाडातच जगतो. (सुकवून गोठवलेलं एक पान होतं, पण त्यातला मागच्या खेपेला जागाच झाला नाही.) कडी खरंच वाकली आहे की नाही हे बघायचं तर चोर हाताशी हवा. आजारी पानाचा रस काढून तो बदललेल्या आणि साध्या, अशा दोन्ही रोपांच्या पानांवर चोळायचा आणि वाट पाहायची. त्यातही विषाणूंची घराणी असतात. चाचणीला कोणताही चालत नाही, ज्याने बाग खाल्ली त्याच घराण्यातला लागतो. त्या रोपात तुमच्याच बागेतला विषाणू पोसलेला होता, आणि माझ्या वाफेत त्या घराण्याचा शेवटचा दिवा विझला.

आणि ती टवटवीत रोपं कोणाची, तेही मला त्याच दिवशी कळलं. वहिनींनी भाचीला औषधाच्या बाटलीत घालून बिया दिल्या होत्या ना, बुटक्या झाडाच्या, केशरी गराच्या, त्यांच्या माहेराहून आलेल्या? ती रोपं त्या बियांची आहेत. ते वाण आता दुसरीकडे कुठेही उरलेलं नाही. रोपं कोवळी आहेत तोवर चाचणी झाली नाही, तर योजनेची मुदत संपते आणि काचघर दुसऱ्या कोणाला जातं. मेहुणे, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. स्पष्ट लिहितो, कारण ताई म्हणते मी नेहमी आडून लिहितो. घरी येऊन मी सगळी गटारं धुतली, तरी बरं वाटलं नाही.

बाकी सर्व क्षेम. तब्येतीला जपा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. ते अंगणातलं झाड तोडलं नाहीत ना? तोडू नका. शेंड्याकडची डागाळलेली चार पानं हवी आहेत, भाची येऊन घेऊन जाईल. "एव्हाना तोडलं असेल" असं वर लिहिलं आहे ते खोडणार होतो, पण खाडाखोड केलेलं पत्र माझ्याच्याने पाठवलं जात नाही. तेव्हा ते वाचलंच नाही असं समजा. तुम्ही आजवर माझं कधीच ऐकलं नाहीत, त्याच भरवशावर हे लिहितो आहे.

ता. क. दुसरा. वरचं पत्र टेबलावर पडून राहिलं आणि आज ताईच्या हाती लागलं. ती म्हणते, भाची त्याच आठवड्यात तुमच्याकडे येऊन पानं घेऊन गेली. झाड उभं आहे, तुम्ही त्याला रोज पाणी घालता. आणि ती स्वतः तुमच्याशी दर रविवारी फोनवर बोलते. (रविवारी भाजी आणायला इतका वेळ का लागतो, ते कोडं सुटलं.) म्हणजे पत्राची गरजच नव्हती. मी ते फाडायला घेतलं, तर ताई म्हणाली, "पानांसाठीच लिहिलं होतंत का?" मी ते घडी घालून पाकिटात ठेवलं.

ता. क. तिसरा. भाचीचा फोन आला. साध्या रोपांची पानं आखडली, डाग उमटले. वहिनींच्या बियांची, कडी वाकवलेली रोपं हिरवीगार आहेत. इतक्यात आनंद करायचा नाही, अजून चाचण्या आहेत, परवानग्या आहेत, असं ती सांगत होती आणि सांगता सांगता रडत होती. परवानगी आली की पहिलं रोप तुमच्या अंगणात, त्या आजारी झाडाला अगदी लागून लावायचं असं तिने ठरवलं आहे. मी नोकरीत पाळलेल्या सगळ्या नियमांच्या हे विरुद्ध आहे. खड्डा खणायला मला बोलवा. वहिनींच्या झाडाला हात लावणार नाही. मागच्या वेळी आलो तेव्हा माझ्या पिशवीत फिनेलची बाटली आणि करवत होती. या वेळी रिकाम्या हाताने येईन.