दर्यात सोडलेली तार

११ जानेवारी १९६८
दत्तू आला. या खेपेस बोटीवरून नव्हे, मुंबईच्या इस्पितळातून. गळ्याला मफलर. घशातली गाठ काढली, गाठीबरोबर आवाजही गेला. नुसती कुजबूज उरलीय आणि तीही डॉक्टरांनी सहा महिने बंद केलीय. माझ्या शाळेतली एक पाटी आणून दिली त्याला. पहिलंच वाक्य लिहिलं, "बाय, भूक लागली." धाकट्या भावाचं अक्षर अजून तसंच, कोंबडीच्या पायाचं. रडले नाही. पेज वाढली.
सामानात लांबट काळी पेटी आहे. हात लावू देत नाही.

१४ जाने.
पेटीत गिटार! विजेवरची. मांडीवर आडवी ठेवायची आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवायची. बोटीवरच्या गोव्याच्या खानसाम्याने शिकवली म्हणे. बरोबर रेडिओएवढा अँप्लिफायर, शिवाय पायाने दाबायची एक लोखंडी डबी. डबी दाबली की सूर जाड होतो आणि लांबतो.
बल्बच्या होल्डरमधून वीज घेतली. चालू केलं मात्र, घरात भुंगा शिरला. घूंऽऽ. भांडी वाजायला लागली. मी म्हटलं, बंद कर रे मेल्या, कान किटले.
त्याने डबीवर पाय ठेवला आणि बाबांचा अभंग वाजवला.
काय लिहू. दत्तूचा आवाज. गाठीच्या आधीचा, किंचित घोगरा, वर चढताना थरथरणारा. भुंग्याच्या आडून येत होता, पण तोच. चुलीवर भात करपला तरी मला पत्ता नाही.

१७ जाने.
भजनी मंडळाचे म्होरके भाऊकाका येऊन गेले. विषय सप्त्याचा. माघी पुनवेला सप्ता उठतो, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन ते सहा पहारा आपल्या घरचा. आजोबांचा होता, मग बाबांचा, मग द.चा. सात दिवस देवळात नाम तुटता कामा नये. ज्याचा पहारा त्याने अभंग धरायचा, बाकीच्यांनी मागून. घरात धरणारा नसेल तर पहारा दुसऱ्या वाडीला जातो. गेलेला परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही.
गळा मलाही आहे. बाबा म्हणत, दत्तूपेक्षा बरा. पण बाईमाणसाला पहारा नाही. असो.
द.ने वाजवून दाखवलं. भा.का. डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "सूर बरो आसा रे. पन ह्यो भुंगो? देवान नाम आयकाचा काय ह्येचा गुरगुरना?" तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. "आनि वाद्याक पाय लावतंस?"
द. पांढराफटक. बोटीवर कुणाच्या मनातही आलं नसेल हे.
निकाल असा: भुंगा जायला हवा आणि पाय जायला हवा. मग पहारा आपला.

२१ जाने.
पायाचं सोपं. द.चे दोन्ही हात अडकलेले, तेव्हा डबी मी हाताने दाबायची. गुरवीण देवाच्या पायाशी बसते तशी बसेन.
भुंगा मात्र चिवट. डबीला वीज पुरवायला मुंबईहून साबणाच्या वडीएवढं यंत्र आणलं होतं. द.ने तेच काढून टाकलं आणि बॅटरीचे सहा सेल चिरलेल्या बांबूत एकापुढे एक बसवून डबीला जोडले. निम्मा भुंगा गेला!
उरलेला जाईना. कांडी तारेवर असली की दबतो, उचलली की उठतो. मी भीत भीत तारेला बोट लावलं. गप्प. काढलं, घूंऽऽ. पुन्हा लावलं. आपल्या अंगातून काहीतरी निघून खाली जमिनीत जातंय आणि आपल्याला जाणवतही नाही! वीस वर्षं पोरांना शिकवतेय, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

२६ जाने.
झेंडावंदन करून घरी येते तो अंगण उकरलेलं. द.च्या पाटीवर, "जमीन होयी." म्हणजे भुंग्याला जमिनीत जायला वाट हवी. पहार ठोकली, तार बांधली. उपयोग शून्य. आपली जमीन जांभ्या दगडाची, या दिवसांत खडखडीत कोरडी.
शेजारची पारूवैनी कुंपणावरून सगळं बघत होती. ती सुक्या-खारवलेल्या मासळीचा बाजार करते. म्हणाली, "थंय कित्याक कपाळ फोडतंस रे? माझ्या बांगड्यांच्या पिंपाकडे ठोक. मिठाचा पानी सांडता, थंयची जमीन कदी सुकना नाय."
ठोकली.
भुंगा गेला. पार गेला. अँप्लिफायरचा दिवा जळतोय आणि घर इतकं शांत की दूरच्या होडीचं वल्हं ऐकू यावं. पारूवैनीने हात जोडले, कुणाला ते तिलाही माहीत नसेल.

२ फेब्रु.
भा.कां.ना घरी आणून ऐकवलं. खूश. मग देवळात हे कसं करणार विचारलं. खरं सांगितलं. देवळाभोवतीही जांभाच, तेव्हा पारूवैनीचं पिंपातलं पाणी न्यावं लागेल.
"माशांचा पानी? देवळाच्या आवारात?"
पारूवैनी कडाडली, "मासळी इकून दिलेली वर्गनी चलता मां?" भा.का. उठून गेले.
राग आला, पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. द. दिवसभर गिटारीला हात लावेना.

५ फेब्रु.
जेवताना सहज विचारलं, बोटीवर या भुंग्याचं काय करायचास? पाटी ओढली. "बोटीर भुंगो नव्हतो."
कित्याक नव्हतो?
त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, "सगळा लोखंडाक बांधलेला. लोखांड पान्यात."
मी पाटीकडे बघतेय, तो माझ्याकडे. देऊळ दर्यावर. मागच्या खडकाला लाटा लागतात. आणि आम्ही पिंपं शोधतोय!

११ फेब्रु., रविवार
बाबांचं फुटकं तांब्याचं घंगाळ अँप्लिफायरपासून ओढलेल्या लांब तारेला बांधलं आणि देवळामागच्या खडकावरून सोडलं. सकाळची भरती, पाणी काठोकाठ. सभामंडपात भुंगा चालू होता. घंगाळ बुडालं आणि तो थांबला.
जन्मभर या पाण्याला वादळाचं, बुडालेल्या माणसांचं म्हणून भ्यायले. ते एवढ्याशा गुरगुरण्यासाठी अख्खंच्या अख्खं हजर. आफ्रिकेपर्यंतचं.
भा.कां.नी पायरीवर टेकत एवढंच म्हटलं, "होय म्हाराजा." पहारा आपला.

१३ फेब्रु.
आजच लिहायचं.
तीनला बसलो. मी द.च्या पायाशी, डबीवर तळवा. पहिला सूर निघाला आणि मंडप वळला. टाळकरी टाळ विसरले. कोणीतरी म्हणालं, "दत्तूचो गळो परत इलो." मागून सगळ्यांनी धरलं. दोन तास नाम असं चाललं की मी मान वर करून देवाकडे बघितलंसुद्धा नाही, धीरच झाला नाही.
पाचच्या सुमारास, घूं.
आधी बारीक. सेल चाचपले, डबी चाचपली. द. माझ्याकडे बघतोय. भुंगा वाढतोय. आणि मग खिडकीतून काळे खडक दिसले.
ओहोटी! उद्या पुनव, पाणी लांबवर गेलेलं, घंगाळ वाऱ्यावर लोंबत असणार. मालवणात जन्मलेली दोन माणसं आणि भरती-ओहोटी विसरली. शेंबडं पोर विसरणार नाही.
थांबायची सोय नाही, नाम तुटेल. भा.कां.चे डोळे मिटलेले, कपाळाला आठी. गेला पहारा म्हटलं. द.ने कांडी उचलली, भुंगा मोठा झाला, मंडप गप्प होऊ लागला. पुढचा अभंग धरायला कोणी नाही.
मी धरला. त्या भुंग्याच्याच सुरात, तो आयता लागलेलाच होता. विचार केला नव्हता. तोंड उघडलं आणि आवाज आला, इतकी वर्षं फक्त न्हाणीत गायलेला. द.ची कांडी सरकत सरकत माझ्या सुराला येऊन मिळाली. मग भा.कां.नी उचलून धरलं, मग सगळ्यांनी. भुंगा कुठे संपतो आणि माणसं कुठे सुरू होतात तेच कळेना.
सहा वाजता पुढच्या वाडीने नाम घेतलं. नाम तुटलं नाही.

१५ फेब्रु.
सप्ता काल उठला. आज भा.का. आले, टेकले नाहीत. खांबाशी उभे राहून विचारलं, "फुडल्या वर्साक तुमच्या घरचो पहारो कोन धरतलो?"
द.ने एकच शब्द लिहून पाटी त्यांच्यापुढे केली. "बाय."
त्यांनी वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "पंच बसतले," म्हणाले आणि चपला घालून गेले. नाही म्हणाले नाहीत. हो तर नाहीच.
पारूवैनीने मुद्दाम ताजे बांगडे आणून दिले.
पाटी शाळेची आहे, द.ला नवी घेऊन ही उद्या परत न्यायला हवी. अजून पुसलेली नाही.