बनियनवाला व्हिडिओ डिलीट होणार नाही

मोशी

आदरणीय धम्मपाल दादा,

सविनय जय भीम. उदगीरला तुमचा गुडघा, वहिनींचा बीपी आणि दारातली जांभूळ ही सगळी बरी असतील असं धरून चालते. आम्ही मजेत. (मजेत नाही, पण तुम्ही विचारलेलं नाही.) पत्र अशासाठी, की तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलंत, आणि पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

‘तो व्हिडिओ काढून टाक, नाहीतर माहेरची पायरी चढू नकोस,’ एवढं बोलून तुम्ही फोन आपटलात. झालं काय ते ऐकून घेतलं नाहीत, तर आता वाचा.

माझा दूरशिक्षणाचा बी.ए. चालू आहे. आमच्या अंजली मॅडमचा नियम असा, की आठवड्यात जे शिकलो ते प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं, त्याचा व्हिडिओ काढून वर्गाच्या चॅनलवर टाकायचा आणि बाकीच्यांनी खाली शेरे लिहायचे. याला व्हिडिओ ब्लॉग म्हणतात. (तुम्ही ‘नाचगाणं’ म्हणालात. मी नाचलेले नाही, मणक्यात गॅप आहे.) विषय होता घरातल्या कामांची वाटणी. मी फोन कुकरला टेकवला, चष्मा काढून ठेवला (बिनचष्म्याची मी बरी दिसते, असं वहिनीच म्हणतात), बटण दाबलं आणि डोकं कोरं झालं. समोर एक माणूस नाही, बोलायचं कुणाशी? महाळुंग्याच्या कंपनीत मी लाइन लीडर. शिफ्ट सुरू होताना पोरींना सुरक्षेची शपथ रोज मीच देते, तोंडाला तीच सवय. तेच बाहेर आलं, ‘सावधान. उजवा हात पुढे. मी शपथ घेते की...’

मागे पलंगावर तुमचे दाजी नाइट शिफ्ट करून झोपले होते. त्यांचाही जन्म कंपनीतच गेलेला. ‘सावधान’ कानावर पडताच ते उठले, हात पुढे केला आणि मिटल्या डोळ्यांनी, ओठ हलवत, सगळी शपथ घेऊन परत आडवे झाले. हेल्मेट, बूट आणि पूर्ण गणवेश घालीन अशी ती शपथ आहे, आणि अंगावर बनियन आणि टॉवेल. मला चष्म्याशिवाय मागचं काही दिसलं नाही. मी पुढचं बोलले आणि व्हिडिओ न बघताच वर्गाला पाठवला. तिथून तो समाजाच्या ग्रुपवर गेला आणि तिथून तुमच्याकडे.

आता तुमची अब्रू गेली म्हणे. टॉवेल त्यांचा, घर आमचं, आणि अब्रू गेली उदगीरला. दादा, व्हिडिओ राहणार. शपथ संपली तेव्हा माझी भीती गेली होती. त्यापुढचं सगळं मी कागद न बघता बोलले, शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच. मला फार बरं वाटलं, आणि ते मी कुणाच्या सांगण्यावरून पुसणार नाही. दरवर्षी जयंतीला माइक हातात घेऊन तुम्ही सांगता, बायांनी शिकलं पाहिजे, चार लोकांत बोललं पाहिजे. त्यात ‘माझी बहीण सोडून’ असं मी कधी ऐकलं नाही. मला माहेर हवंय, त्या फोननंतर मी रडलेही. पण तोंड बंद ठेवून मिळणारं माहेर मला नको.

तब्येतीला जपा, गुडघ्याला तेल लावा.

तुमची हट्टी बहीण,
कस्तुरा

ता.क. दाजी म्हणतात, शपथेतला एक शब्दही चुकला नव्हता, हे दादांना मुद्दाम कळव.

आणखी ता.क. वहिनींनीही याच कोर्सला नाव घातलंय. तुम्हाला सांगायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं, पत्र खरं तर त्यासाठीच. त्यांचा पहिला व्हिडिओ येत्या रविवारी, तुमच्याच ओसरीवर. फोन धरायला त्यांनी मला बोलावलंय, तेव्हा पायरी तर मी चढणारच. तुम्ही मागून जाल तेव्हा तेवढा शर्ट घालून जा.