पेन्सिलवाल्यांच्या तावडीतून सुटलेली चांदणी

लाडक्या पिंकीस,
ताईचा नाशिकहून सप्रेम जयभीम.

तुझ्या त्या चांदणी जादूगारणीचा दुसरा भाग अखेर हाती लागला. वाचनालयात पुस्तकं मीच देते-घेते, तरी माझा नंबर लागेपर्यंत दिवाळी आली. आणि मिळालं ते कसं? लोकांनी पानापानावर पेन्सिलीने आपापली मतं लिहून ठेवलीत! डोकं उठलंय माझं.

एक म्हणतो, ‘पहिल्या भागाची मजा नाही.’ त्याखाली दुसरा, ‘मग वाचतोस कशाला?’ एका काकूंनी तर चक्क सही करून विचारलंय, पोरगी एवढी भटकते तर जेवते कधी? आणि कोणा दीडशहाण्याने सुरुवातीलाच शेवट सांगून टाकलाय. सापडू दे मला, कार्डच रद्द करते त्याचं.

रोज जेवणाच्या सुट्टीत खोडरबर घेऊन बसते. बोटं दुखतात, पण तुला पुस्तक कोरंच द्यायचंय. तुझं मत तुझं तू ठरव.

आईचा खोकला कमी आहे का गं? खरं सांग. फोनवर ती नुसतं ‘बरंय’ म्हणते आणि विषय बदलते.

काकांचा मुलगा संघर्ष शनिवारी तिकडे हरसूलला येतोय, त्याच्याकडे पुस्तक देते. त्यावर चहा सांडू नकोस. शेवटाबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही, मी काही त्या लोकांसारखी नाही.

फक्त शेवटचं प्रकरण रानात एकटी बसून वाचू नकोस. घरी वाच, आईला टेकून.

तुझीच,
प्रज्ञाताई